ज्युरीने न पाहिलेला खटला : सिम्पसन प्रकरण आणि रोजचं थेट प्रक्षेपण

२९ ऑगस्ट १९९५. लॉस एंजेलिसच्या फौजदारी न्यायालयात नवव्या मजल्यावरच्या दालनात एक ध्वनिफीत वाजते आहे. आवाज मार्क फरमन या पोलीस तपास अधिकाऱ्याचा. दोन खुनांचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसनच्या घरी रक्ताळलेला हातमोजा सापडला असं सांगणारा हाच तो माणूस. फितीत तो एका पटकथालेखिकेशी गप्पा मारतोय. काळ्या लोकांसाठीची तीच ती शिवी पुन्हा पुन्हा, संशयितांना बडवल्याच्या फुशारक्या, पुरावा कसा 'तयार' करायचा याचे किस्से. मार्च महिन्यात याच दालनात, उलटतपासणीत, त्याने शपथेवर सांगितलं होतं की गेल्या दहा वर्षांत हा शब्द आपल्या तोंडून गेलेला नाही.

न्यायाधीश लान्स इटो आसनावर आहेत. दोन्ही बाजूंचे वकील आहेत, आरोपी आहे, भिंतीवरचा कॅमेरा चालू आहे. अमेरिका घरबसल्या ऐकते आहे. ज्युरीच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, खुर्च्या मात्र रिकाम्या आहेत.

दोन दिवसांनी इटोंनी निर्णय दिला : या सगळ्यातले फक्त दोन तुकडे ज्युरीला ऐकवता येतील. बाकीचं ज्युरीच्या कानावर जाणार नाही. देशाने मात्र ते सगळं केव्हाच ऐकलं होतं.

या प्रकरणाचा अभ्यास मी त्या रिकाम्या खुर्च्यांपासून सुरू करतो, कारण नामवंत आरोपीचा फौजदारी खटला टीव्हीवर रोज दाखवावा का, हा वाद निघाला की दोन ठरलेली वाक्यं कानी पडतात. पहिलं : न्याय उघड्यावर व्हावा, लोकांना दिसावा. दुसरं : कॅमेऱ्यामुळे निकाल देणाऱ्यांचं मन कलुषित होतं. सिम्पसन खटल्याने दोन्ही वाक्यांची पंचाईत करून ठेवली आहे. निकाल देणारे बारा जण हॉटेलात कोंडलेले होते. त्यांनी हा खटला टीव्हीवर पाहिलाच नाही. आणि लोकांना वाटलं की आपण खटला पाहतोय, पण ते पाहत होते ती ज्युरीसमोर चाललेली गोष्ट नव्हती. एकाच दालनात दोन खटले चालू होते.

आधी घडलेलं

ओ. जे. सिम्पसन हा अमेरिकन फुटबॉलमधला मोठा खेळाडू. १९७३ च्या हंगामात दोन हजार यार्डांहून अधिक धाव घेणारा पहिला. नंतर भाड्याच्या गाड्यांच्या जाहिरातींत, सिनेमात, क्रीडा समालोचनात दिसणारा, गोऱ्या-काळ्या दोन्ही प्रेक्षकांचा लाडका. बायको निकोल हिला मारहाण केल्याच्या १९८९ मधल्या प्रकरणात त्याने आरोपाला हरकत घेतली नव्हती आणि त्याला सौम्य शिक्षा झाली होती. १९९२ मध्ये घटस्फोट झाला. १२ जून १९९४ च्या रात्री ब्रेंटवुड या श्रीमंत वस्तीत निकोल ब्राउन सिम्पसन (वय ३५) आणि तिचा मित्र रोनाल्ड गोल्डमन (वय २५) यांना कुणीतरी भोसकून ठार केलं.

पाच दिवसांनी, १७ जूनला, सिम्पसनने पोलिसांकडे हजर व्हायचं ठरलं होतं. तो आला नाही. संध्याकाळी पांढरी फोर्ड ब्रॉन्को महामार्गावर दिसली. गाडी त्याचा मित्र अल काउलिंग्ज चालवत होता. मागे सिम्पसन, हातात पिस्तूल. गाडीमागे पोलिसांच्या मोटारींची रांग आणि वर वाहिन्यांची हेलिकॉप्टरं. लोक पुलांवर फलक घेऊन उभे राहिले. एनबीसीवर बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेतला सामना चालू होता, तो पडद्याच्या कोपऱ्यात गेला. सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी हा पाठलाग पाहिला असा अंदाज आहे.

त्या साडेनऊ कोटींपैकी बहुतेकांनी त्याच रात्री मनात निकाल लावला असणार. निर्दोष माणूस पळेल कशाला? गाडीत पासपोर्ट, हजारो डॉलर रोख आणि नकली दाढी सापडल्याचंही पुढे सगळ्यांना कळलं. पण सरकारी पक्षाने हा पाठलाग ज्युरीपुढे पुरावा म्हणून आणलाच नाही. कारण साधं होतं. पाठलाग आणला की त्या वेळची सिम्पसनची फोनवरची रडारड, आपण हे केलं नाही हे त्याचं सांगणं, सगळं मागोमाग आलं असतं. आणि तो स्वतः साक्षीला उभा राहणार नसेल तर त्या सांगण्याची उलटतपासणी कोण करणार? त्याच विचाराने १३ जूनला पोलिसांनी घेतलेला त्याचा जबाबही बाजूला ठेवला गेला. डावपेच बरोबर होता की चूक, यावर वकिलांत आजही वाद आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की प्रेक्षकांसाठी जो सगळ्यात मोठा पुरावा होता, तो खटल्यात नव्हताच.

कोर्टातला कॅमेरा सुरू होण्याआधीच

कॅमेऱ्याला सगळा दोष देणाऱ्यांनी या भागाकडे नीट पाहावं. प्रसिद्धीने केलेलं पहिलं मोठं नुकसान कोर्टातल्या प्रक्षेपणामुळे झालं नाही.

अमेरिकेत आरोप निश्चित करण्याचा एक मार्ग ग्रँड ज्युरीचा असतो. तिचं कामकाज बंद दाराआड चालतं. सिम्पसन प्रकरणात ती बसली होती. खुनाच्या रात्री सिम्पसनला घटनास्थळाजवळ गाडी चालवताना पाहिलं, असं सांगणारी एक बाई तिच्यासमोर साक्ष देऊन गेली. पण त्याच सुमारास तिने तीच हकीकत एका टीव्ही कार्यक्रमाला पाच हजार डॉलरला विकली होती. सरकारी वकिलांनी तिला सोडून दिलं. सिम्पसनला सुरी विकणाऱ्या दुकानातल्या लोकांनी आपली कहाणी एका टॅब्लॉइडला साडेबारा हजार डॉलरला दिली. तेवढ्यात निकोलने पूर्वी पोलिसांना केलेल्या मदतीच्या फोनच्या फिती बाहेर आल्या आणि सगळीकडे वाजल्या. शेवटी २४ जूनला ग्रँड ज्युरीच बरखास्त झाली, कारण तिच्या सदस्यांच्या कानांवर नको ते आलं होतं. मग आरोपनिश्चितीची प्राथमिक सुनावणी उघड्या कोर्टात घ्यावी लागली, आणि ती टीव्हीवर पूर्ण दिसली. म्हणजे प्रसिद्धीमुळे बंद दार उघडलं, आणि उघड्या दारातून आणखी प्रसिद्धी आत आली.

ज्युरी निवडतानाही हेच. निकोलच्या एका मैत्रिणीचं पुस्तक ऐन निवडीच्या काळात, ऑक्टोबर १९९४ मध्ये बाजारात आलं. इटोंनी निवड थांबवली आणि लेखिकेच्या मुलाखती पुढे ढकला अशी वाहिन्यांना विनंती केली. संभाव्य ज्युरींना टीव्ही नको, रेडिओ नको, वर्तमानपत्र नको, पुस्तकांच्या दुकानातसुद्धा जायचं नाही, अशी ताकीद होती. ती न पाळणारे घरी गेले.

इटोंचा निर्णय

कॅलिफोर्नियात तेव्हा कॅमेऱ्याचा निर्णय न्यायाधीशाच्या मर्जीवर होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये एस्टेस खटल्यात प्रक्षेपणामुळे शिक्षा रद्द केली होती, आणि १९८१ मध्ये चँडलर खटल्यात सांगितलं होतं की कॅमेरा असला म्हणजे खटला आपोआप अन्याय्य ठरत नाही, राज्यांनी आपापलं ठरवावं. त्यानंतर बरीच राज्यं कॅमेऱ्याला वाट देत गेली. १९९१ मध्ये कोर्ट टीव्ही ही खटले दाखवणारी स्वतंत्र वाहिनीच सुरू झाली.

इटो सुरुवातीला रागात होते. सप्टेंबर १९९४ मध्ये एका स्थानिक वाहिनीने सिम्पसनच्या पायमोज्यांवरच्या रक्ताच्या डीएनए चाचणीचा निकाल सांगितला, आणि ती चाचणी तोवर झालेलीच नव्हती. इटोंनी कॅमेरा काढण्याची धमकी दिली. लोकांची कॅमेरा नको म्हणणारी हजारो पत्रं त्यांच्याकडे येऊन पडली होती. तरी ७ नोव्हेंबरला त्यांनी कॅमेरा राहू दिला.

आणि त्याच महिन्यात खुद्द इटोंनी एका वाहिनीला अनेक भागांची मुलाखत दिली. स्वतःविषयी, जपानी वंशाच्या आईवडिलांना दुसऱ्या महायुद्धात छावणीत डांबलं होतं त्याविषयी. खटल्यावर ते काही बोलले नाहीत, हे खरं. पण वकिलांना माध्यमांपासून दूर राहा म्हणणारा न्यायाधीशच पडद्यावर, तेही ज्या आठवड्यांत वाहिन्या आपले प्रेक्षक मोजतात त्या आठवड्यांत! ही मुलाखत मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. इटो वाईट न्यायाधीश नव्हते. वकील मंडळींत त्यांना मान होता. कॅमेऱ्याने त्यांना लाच दिली नाही, धमकावलं नाही. फक्त समोर येऊन बसला. आपल्याकडे सभेत सत्काराची शाल पुढे आली की भल्याभल्यांची मान आपोआप झुकते, तसं काहीसं.

दालनातला कॅमेरा आणि त्याची माणसं

कॅमेरा एकच होता, दुरून फिरवता येणारा, ज्युरी दिसू नये अशा बेताने लावलेला. त्याचं चित्र सगळ्या वाहिन्यांना मिळे. २४ जानेवारी १९९५ ला सरकारी वकील मार्शा क्लार्क यांचं प्रास्ताविक चालू असताना एका राखीव ज्युरीचा चेहरा क्षणभर, सेकंदाहून कमी, पडद्यावर दिसून गेला. इटोंनी प्रक्षेपणच बंद करण्याचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी चालू ठेवलं. सप्टेंबरच्या शेवटी, समारोपाच्या भाषणांच्या वेळी, आरोपी वकिलाशी बोलताना वहीत काय लिहितोय त्याचं जवळून चित्र दिसलं, तेव्हा त्यांनी खरोखरच काही वेळ प्रक्षेपण तोडलं. आरोपी आणि वकील यांच्यातलं गुपित ही फौजदारी न्यायातली मूलभूत गोष्ट. ती इथे भिंगाच्या एका चाळ्यावर अवलंबून होती.

बाकी जे घडलं ते कुणी ठरवून केलं नव्हतं. सिम्पसनच्या आवारात पाहुणा म्हणून राहणारा केटो केलिन साक्षीला आला आणि साक्ष संपायच्या आत प्रसिद्ध झाला. मार्शा क्लार्कने एप्रिलमध्ये केसांची ठेवण बदलली तर त्याच्या बातम्या झाल्या. त्या दिवशी कोर्टात पुरावा काय झाला ते मागे पडलं. ख्रिस्तोफर डार्डन या काळ्या सरकारी वकिलाला स्वतःच्याच समाजाकडून गद्दार म्हणून ऐकून घ्यावं लागलं. रात्रीच्या विनोदी कार्यक्रमात दाढीवाले, काळा झगा घातलेले 'नाचणारे इटो' आले. इटोंना त्यांची गंमत वाटे म्हणतात. ते खरं असेल तर त्यानेही काही सांगून जातं.

गुन्हे प्रयोगशाळेचा डेनिस फंग नऊ दिवस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होता. बचाव पक्षाच्या बॅरी शेकने त्याची साल काढली. त्यात त्याने चित्रफितीतली दृश्यं वापरली, ज्यांत फंग हातमोजा न घालता पुरावा हाताळताना दिसत होता. हे पाहताना मात्र मान्य करावं लागतं की कॅमेरा हा नेहमीच सत्याचा वैरी नसतो. पोलिसांनी 'आम्ही काळजी घेतली' म्हणायचं आणि लोकांनी मान डोलवायची, ही सवय त्या नऊ दिवसांत मोडली.

१५ जूनला डार्डनने सिम्पसनला तो रक्ताळलेला हातमोजा घालून पाहायला सांगितलं. आतून रबरी मोजे होते. हात आत जाईना. सिम्पसन ज्युरीसमोर हात उंचावून उभा राहिला. कॅमेऱ्यासाठीच रचल्यासारखा तो प्रसंग, पण गंमत अशी की संपूर्ण खटल्यात ज्युरी आणि देश यांनी एकसारख्या पाहिलेल्या मोजक्या क्षणांपैकी तो एक. बचाव पक्षाचे प्रमुख वकील जॉनी कॉक्रन यांनी समारोपात 'मोजा बसत नसेल तर आरोपीला सोडावं लागेल' हे यमक ऐकवलं, ते त्या दृश्याच्या जोरावरच.

हॉटेलातले बारा

ज्युरी ११ जानेवारी १९९५ पासून हॉटेलात होती. एकूण २६५ दिवस. खोल्यांमध्ये टीव्ही नाही, वर्तमानपत्रं कापून यायची, फोनवरच्या बोलण्यावरही कुणाचा तरी कान. घरच्यांच्या भेटीही वेळेत आणि पहाऱ्यात. सुरुवातीला बारा ज्युरी आणि बारा राखीव होते. निकालापर्यंत त्यांतले दहा बाद झाले. एकीवर पुस्तक लिहिण्याच्या बेतात असल्याचा संशय होता. एप्रिलमध्ये तीन पहारेकरी बदलले म्हणून ज्युरींनी बंड केलं. बरेच जण काळे कपडे घालून कोर्टात आले.

आपल्या घरात आठ-साडेआठ महिने बसून ज्याने ही मालिका पाहिली तो प्रेक्षक, आणि ते महिने हॉटेलच्या खोलीत काढलेला ज्युरी. पहिल्याला सगळं ठाऊक : पाठलाग, नकली दाढी, फरमनच्या फितीतलं ओंगळ बोलणं, ज्युरीला बाहेर पाठवून वकिलांनी घातलेले वाद, आणि रात्री दहा तज्ज्ञांनी त्यावर दिलेली मतं. दुसऱ्याला ठाऊक फक्त तेच जे कायद्याने त्याच्यापर्यंत येऊ दिलं. ज्युरी बाहेर पाठवून वाद घालतात तो मुळात हे ठरवण्यासाठीच, की कोणतं विष पात्रात पडू द्यायचं नाही. थेट प्रक्षेपण ते विष गाळणीच्या वरच्या बाजूने सगळ्यांना वाटतं आणि मग सगळ्यांना विचारतं, चहा कसा झालाय?

२ ऑक्टोबरला ज्युरीने चार तासांहून कमी वेळात निकाल ठरवला. इटोंनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राखून ठेवला. पोलीस सज्ज होते. रॉडनी किंगला मारणाऱ्या पोलिसांना १९९२ मध्ये सोडून दिल्यावर याच शहरात उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसं मेली होती. ३ ऑक्टोबरला दहा कोटींहून अधिक लोकांनी 'दोषी नाही' हे शब्द ऐकले. वाहिन्यांनी लगेच दुसरं चित्र दाखवायला सुरुवात केली : इथे काळे विद्यार्थी उड्या मारतायत, तिथे गोरे माणसं सुन्न बसली आहेत. खटल्याचं म्हणून आज जे लोकांना आठवतं त्यात हे कोर्टाबाहेरचं चित्र मोठं आहे.

त्या सुन्न बसलेल्यांचा प्रश्न होता : इतका पुरावा पाहूनही? आणि उड्या मारणाऱ्यांचं उत्तर : फरमन ऐकला नाहीत का? दोघंही ज्युरीने न पाहिलेल्या, निदान पुरेशा न पाहिलेल्या गोष्टीवर भांडत होते. प्रक्षेपण नसतं तर वंशभेदाची ही दरी नसती असं म्हणणं बालिश होईल. ती आधीपासूनच होती. पण 'आपण सगळ्यांनी मिळून तोच खटला पाहिला' हा भ्रम प्रक्षेपणाने दिला, आणि त्या भ्रमामुळे ज्युरीचा निकाल मूर्खपणा किंवा कट वाटू लागला.

कॅमेरा नसलेला दुसरा खटला

अभ्यासकाला असं नशीब क्वचित लाभतं : तीच माणसं, तीच रात्र, पण कॅमेरा नाही. मृतांच्या कुटुंबीयांनी सिम्पसनवर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला. तो ऑक्टोबर १९९६ मध्ये सँटा मोनिकात सुरू झाला. न्यायाधीश हिरोशी फुजिसाकी यांनी टीव्ही कॅमेरा बंद केला, वकिलांना बाहेर बोलण्यास मनाई केली आणि कामकाज झपाझप पुढे नेलं. ज्युरीला हॉटेलात कोंडलं नाही. ४ फेब्रुवारी १९९७ ला निकाल लागला : सिम्पसन जबाबदार. दंडात्मक भरपाई काही दिवसांनी ठरली, ती धरून एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर.

इथे घाई करून 'बघा, कॅमेरा नव्हता म्हणून न्याय झाला' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दिवाणी दाव्यात पुराव्याची पट्टी खालची असते. इथे सिम्पसनला स्वतः साक्ष द्यावी लागली. घटनास्थळी ज्यांचे ठसे मिळाले तसले बूट आपले नव्हेतच असं तो सांगत होता आणि ते घातलेले त्याचे फोटो आता हाती आले होते. फरमन आता खटल्याचा चेहरा नव्हता. ज्युरीची घडणही वेगळी होती. इतके फरक असताना निकालाचं श्रेय कॅमेऱ्याच्या गैरहजेरीला देता येत नाही. वेळेचं आणि वागणुकीचं थोडंफार देता येतं : वकील कमी बोलले, न्यायाधीश कमी दिसले, साक्षीदार कमी प्रसिद्ध झाले.

आणि कॅमेरा बंद करून प्रेक्षक गेले का? नाही. ई! या वाहिनीने नटांना घेऊन रोजच्या कामकाजाचं नाट्यरूपांतर दाखवलं. सिम्पसनच्या जागी नट, वकिलांच्या जागी नट, हातात कोर्टाच्या नोंदीतले संवाद. खरा चेहरा मिळत नाही म्हटल्यावर मुखवटे आणले. कॅमेऱ्याच्या संपूर्ण बंदीची बाजू मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सिम्पसन निकालानंतर कॅलिफोर्नियात मोठा झटका बसला. आईवडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या मेनेंडेझ बंधूंच्या दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी कॅमेरा नाकारला, जरी पहिला खटला टीव्हीवर गाजला होता. राज्यात संपूर्ण बंदीची मागणी झाली. शेवटी नियम कडक झाला, पण निर्णय न्यायाधीशाकडेच राहिला.

आपल्या दारात

'आमच्याकडे ज्युरी नाही, मग आम्हाला काय?' असं म्हणणाऱ्याने मुंबईकडे पाहावं. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी ते मानलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा झाली. तेव्हा टीव्ही नव्हता, पण 'ब्लिट्झ' साप्ताहिक होतं, आणि त्याने काय कमी केलं? जनमत घडवायला कॅमेरा लागतोच असं नाही.

त्याच 'ब्लिट्झ'संबंधीच्या एका बदनामीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची जबानी छापू नये असा आदेश दिला, कारण प्रसिद्धीमुळे आपल्या धंद्याचं नुकसान होतं असं तो म्हणत होता. बातमीदार मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या निकालाने, सांगितलं की न्यायालय उघडं असलं पाहिजे हे खरं, पण न्यायाच्या हितासाठी जबानीच्या प्रसिद्धीला आवर घालण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. एकट्या हिदायतुल्ला यांचं मत विरुद्ध होतं. मला इथे दोघांशीही थोडं थोडं सहमत व्हावंसं वाटतं. हिदायतुल्लांची भीती खरी, की असा अधिकार बड्यांच्या सोयीला वापरला जाईल. पण तो आदेश साक्षीदाराविषयी होता, आणि साक्षीदार हा सगळ्यात नाजूक माणूस असतो.

आपल्याकडे आता थेट प्रक्षेपण आलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात त्याला मान्यता दिली, आणि २७ सप्टेंबर २०२२ ला घटनापीठांचं कामकाज लोकांना दिसू लागलं तेव्हा त्या पहिल्या दिवशीच्या प्रकरणांत शिवसेनेतला वाद होता. महाराष्ट्रात किती घरांत त्या दिवशी मोबाइल टेकवून ठेवले होते ते सांगायला नको! पण तिथे साक्षीदार नव्हते. दोन्ही बाजूंचे वकील कायद्यावर बोलत होते. न्यायालयांच्या आदर्श नियमांत साक्षीपुरावा आणि उलटतपासणी प्रक्षेपणातून वगळली आहेत. हा फरक योग्य जागी केलेला आहे असं मला सिम्पसन प्रकरण वाचून वाटतं.

याच्या उलट टोकाला आपल्या वाहिन्यांचे स्टुडिओ. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये चाललेल्या तमाशावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ ला निकाल दिला आणि तपास चालू असताना काय दाखवू नये याची यादीच केली. तिथे कोर्टातला कॅमेरा नव्हता, खटलाही उभा नव्हता. स्टुडिओतच आरोप, स्टुडिओतच पुरावा, स्टुडिओतच निकाल. तेव्हा 'कोर्टात कॅमेरा नको' एवढं म्हणून सुटका नाही.

माझं मत

कोर्टात साक्षीदारांना बाहेर बसवतात. पहिल्याची जबानी चालू असताना दुसऱ्याने ती ऐकू नये, ऐकून आपली गोष्ट जुळवू नये, म्हणून. शिपाई नाव पुकारतो तेव्हा तो आत येतो. हा नियम साधा आहे, जुना आहे, आणि जगभर आहे. साक्ष थेट दाखवली की हा दरवाजा नुसता लाकडाचा उरतो. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात मोबाइल आहे. ज्युरीला हॉटेलात कोंडता येतं. दीडशे साक्षीदारांना नऊ महिने कोंडता येत नाही.

म्हणून मी या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देत नाही. कॅमेरा लावा, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं टिपा, कोर्टाच्या ताब्यात ठेवा. कायद्यावरचे वाद आणि निकाल थेट दाखवा. साक्षी मात्र निकालानंतर, पूर्ण, न कापता खुल्या करा. फंगचे नऊ दिवस मग प्रयोगशाळेच्या शिकाऊ लोकांना दाखवता येतील, फरमनच्या फिती ऐकता येतील, आणि ज्याला ज्युरीवर टीका करायची आहे त्याला नोंदी उघडून सांगता येईल की हे तिच्यासमोर होतं, ते नव्हतं.

याला हरकत घेता येईल की तोपर्यंत स्टुडिओतले तज्ज्ञ रान मोकळं मिळवतील, ई!चे नट येतील. येतील. पण नट हा नट आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. सिम्पसन खटल्यात प्रेक्षकाला वाटत होतं की तो खरा खटला पाहतोय.

फरमनने १९९६ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपाला हरकत न घेता शिक्षा पत्करली. सिम्पसनला २००८ मध्ये लास वेगासमधल्या दरोड्याच्या प्रकरणात शिक्षा झाली, २०१७ मध्ये तो सुटला, १० एप्रिल २०२४ ला वारला. इटो २०१५ मध्ये निवृत्त झाले. त्या खटल्याविषयी त्यांनी पुढे मुलाखत दिली नाही. त्यांच्या दालनाच्या दारावरची नावाची पाटी लोक आठवण म्हणून चोरून नेत, म्हणून शेवटी ती काढूनच ठेवली होती. लॉस एंजेलिसमधला सर्वांत ओळखीचा न्यायाधीश निनावी दाराआड रोजचे खटले चालवत राहिला.